नो-कॉस्ट ईएमआय: हप्ता बिनव्याजी, मग खर्च कुठे बसतो?

निकाल आधी, हिशेब नंतर. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ हे स्वस्त कर्ज आहे, फुकट कर्ज नाही. आणि ज्या दुकानात रोखीने घेणाऱ्याला भाव तोडून मिळतो, तिथे ते स्वस्तही उरत नाही. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर कार्डावरच्या, सहा महिन्यांच्या, एकाच वस्तूच्या योजनेला साडेतीन. दुकानातल्या काउंटरवर फायनान्स कंपनीचा माणूस टॅबवर भरून देतो त्या योजनेला दोन. एकाच घरात अशा चार योजना एकाच वेळी चालू असतील तर गुण देण्यात अर्थ नाही, तिथे प्रश्न वेगळा आहे. तो शेवटाकडे घेऊ.

‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्याकडे टोमणा म्हणून वापरली जायची. आता दसरा-पाडव्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात हप्ता असतो आणि किंमत खाली बारीक अक्षरात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या वित्तीय स्थैर्य अहवालानुसार मार्च २०२५ अखेर देशातल्या कुटुंबांच्या एकूण कर्जात घरकर्ज सोडून इतर किरकोळ कर्जांचा वाटा ५४.९ टक्के होता, आणि ही कर्जं बहुतांशी उपभोगासाठी घेतलेली असतात असं तो अहवालच म्हणतो. त्यातला सर्वांत सोज्वळ दिसणारा प्रकार म्हणजे हा बिनव्याजी हप्ता. म्हणून परीक्षा त्याची.

कार्डावरची योजना: एका फोनचा हिशेब

६०,००० रुपयांचा फोन, सहा महिने, नो-कॉस्ट. कार्ड देणारी बँक यात व्याज सोडत नाही. बँक वर्षाला १६ टक्के लावते असं धरू. दहा-दहा हजारांचे सहा हप्ते म्हणजे १६ टक्क्यांनी ५७,२९६ रुपयांचं कर्ज. मधले २,७०४ रुपये ब्रँड किंवा विक्रेता सुरुवातीलाच सूट म्हणून देतो, कार्डावर ५७,२९६ चाच व्यवहार होतो, आणि बँक तेवढेच २,७०४ व्याज म्हणून सहा महिन्यांत वसूल करते. घेणाऱ्याला बेरीज ६०,००० दिसते. इथवर सगळं चोख.

गळती दोन ठिकाणी आहे. क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो सूट देणारा भरत नाही, कार्डधारक भरतो. २,७०४ वर ४८७ रुपये. दुसरी प्रोसेसिंग फी. ती १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. म्हणजे फोन ६०,७२२ ला पडला. पहिल्या बिलात ओळी साधारण अशा दिसतील: मुद्दल ९,२३६, व्याज ७६४, व्याजावर जीएसटी १३८, आणि फी वेगळी. ‘बिनव्याजी म्हणाले होते, मग हे व्याज कसलं?’ हा फोन कस्टमर केअरला दर सणानंतर जातो तो याच ओळींमुळे. व्याज लावलेलं असतंच. ते आधी परत दिलेलं असतं, इतकंच.

७२२ रुपये हे सहा महिन्यांच्या उधारीला वर्षाला साधारण ४ टक्के पडतात. एवढ्या दरात पर्सनल लोन कुठलीही बँक देणार नाही. म्हणून साडेतीन गुण.

आता पूर्ण रक्कम एकदम स्वाइप करणाऱ्याला त्याच फोनवर २,००० ची झटपट सूट आहे असं समजा. सणांच्या सेलमध्ये अशी सूट अनेकदा असते, आणि ती नो-कॉस्टसोबत मिळेलच असं नाही. म्हणजे ५८,००० ची वस्तू हप्त्याने ६०,७२२ ला. दर काढून पाहिला तर पुन्हा बरोबर १६ टक्क्यांच्या आसपास येतो. दारातून घालवलेलं व्याज खिडकीतून परत आलं. शिवाय अनेक कार्डांवर ईएमआयच्या व्यवहाराला रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत, तोही तोटा धरायला हवा.

म्हणून चेकआउटच्या पानावर एकच तपासणी करायची. ‘फुल पेमेंट’ आणि ‘नो-कॉस्ट’ हे दोन्ही पर्याय आळीपाळीने निवडून अंतिम देय रक्कम पाहायची. फरक शून्य असेल तर नो-कॉस्ट घ्यायला हरकत नाही. फरक हजाराच्या वर गेला आणि पैसे खात्यात असतील, तर एकदम भरावं. बारा महिन्यांचा पर्याय दिसला तर आणखी थांबावं. त्याच ६०,००० वर बारा महिन्यांना व्याज ४,८९२ होतं आणि त्यावरचा जीएसटीच ८८१. विक्रेते एवढी सूट क्वचित सोसतात. म्हणून तीन-सहा महिने ‘नो-कॉस्ट’ आणि नऊ-बारा महिने ‘लो-कॉस्ट’ अशी विभागणी दिसते. ‘लो’ आणि ‘नो’ एकाच रंगात छापलेले असतात, हा योगायोग मानायचं कारण नाही.

नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून घेतलं जातं. २०२२ च्या क्रेडिट कार्डांच्या निर्देशांत तर स्पष्ट आहे: ईएमआय करण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि नो-कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट हे तीन आकडे वेगवेगळे दाखवलेच पाहिजेत, आणि बिलातही ते वेगळे दिसले पाहिजेत. हे तीन आकडे दिसत नसतील तर तो व्यवहार नो-कॉस्ट आहे हे पडताळायचा मार्गच नाही. पुढे जाऊ नये. आणि दिसले तर स्क्रीनशॉट घ्यावा, कारण व्यवहार झाल्यावर ते पान पुन्हा सापडत नाही.

दुकानातली योजना: दहा-दोन

कार्ड नसलेल्यांसाठी, किंवा कार्डाची मर्यादा अडकवायची नाही त्यांच्यासाठी, फ्रिज-टीव्ही-एसीच्या दुकानात फायनान्स कंपन्यांची टेबलं असतात. तिथली भाषा ‘दहा-दोन’, ‘बारा-चार’ अशी. पहिला आकडा एकूण हप्त्यांचा, दुसरा काउंटरवरच आगाऊ भरायच्या हप्त्यांचा.

४०,००० चा फ्रिज, दहा-दोन. हप्ता ४,०००. दोन हप्ते, म्हणजे ८,००० आत्ताच. वर फी ७०० धरू. उरलेले ३२,००० आठ महिन्यांत. कंपनीला तिचं व्याज दुकानदार किंवा उत्पादक आपल्या नफ्यातून देतो. ती रक्कम दुकानदाराच्या खिशातून जाते, हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: ‘रोखीत किती लावणार?’ तो ३८,००० म्हणाला, तर फ्रिजची खरी किंमत ३८,०००. त्यातले ८,००० भरलेच. ३०,००० ची उधारी, पण ७०० फी आधीच गेली, म्हणून हातात पडलेलं कर्ज २९,३०० आणि परतफेड ३२,०००. महिना २ टक्के. वर्षाचे २४.

‘शून्य टक्के’ लिहिलेल्या पाटीखाली २४ टक्क्यांचं कर्ज, आणि यात कुणी खोटं बोललेलं नाही. आगाऊ हप्ते जितके जास्त, तितकी प्रत्यक्ष उधारी कमी आणि मुदत आखूड. फी मात्र तेवढीच. त्यामुळे बारा-चारसारख्या योजनेत तीच फी आणखी जड पडते. दुकानात रोखीचा भाव शेवटी नव्हे, पहिल्यांदा विचारायचा. हप्त्याची चौकशी केल्यावर रोखीचा भाव विचारला की सूट आटते, हे घासाघीस करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

इथे एक गोष्ट कार्डापेक्षा बरी आहे. अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, फक्त फीवर आहे. आणि या कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, लागू आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना हे पत्रक बंधनकारक झालं. क्रेडिट कार्डावरच्या थकबाकीला त्यातून सूट आहे. पत्रकात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, सगळ्या फी धरून द्यावा लागतो. जी फी पत्रकात नाही ती ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. पत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे, म्हणजे मराठीत मागता येतं, आणि सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवाव्या लागतात. ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणणाऱ्याला हे वाक्य शांतपणे ऐकवावं. नियम कागदी नाही: डिजिटल कर्जांना हे पत्रक आधीपासूनच लागू होतं, आणि ते न दिल्यावरून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सला ‘ईकॉम’ आणि ‘इन्स्टा ईएमआय कार्ड’ या दोन उत्पादनांखाली नवी कर्जं देणं थांबवायला सांगितलं होतं, ते निर्बंध मे २०२४ मध्ये उठले.

रोखीचा भाव मात्र एपीआरमध्ये धरलेला नसतो. तो बोलून ठरतो, म्हणून पत्रकावरचा दर आणि वर काढलेले २४ टक्के जुळणार नाहीत. तो हिशेब आपला आपणच करायचा.

टॅबवर ओटीपी देताना आणखी एक पाहायचं. एक्स्टेंडेड वॉरंटी, मोबाइल विमा, ‘क्रेडिट शील्ड’, क्रेडिट अहवालाचं सदस्यत्व, ईएमआय कार्डाची फी यांतलं काहीतरी आधीच टिक केलेलं असू शकतं. ओटीपी एकदाच मागितला म्हणजे संमती एकाच गोष्टीची, असं नसतं. संदेशातला आकडा आणि दुकानाच्या बिलातला आकडा जुळत नसेल तर ओटीपी सांगायचा नाही. वॉरंटी हवी असेल तर तीही वेगळ्या बिलावर घ्यावी. कर्जात मिसळली की वस्तू परत केल्यावर तिचे पैसे सोडवणं त्रासाचं.

बिघडतं कुठे

सर्वांत जास्त घोळ परत केलेल्या वस्तूंचा. ऑनलाइन फोन परत केला, विक्रेत्याने रिफंड दिला, तरी बँकेकडचं ईएमआयचं खातं आपोआप बंद होतंच असं नाही. रिफंड कार्डावर जमा रक्कम म्हणून बसतो आणि हप्ते चालूच राहतात. रिफंड जमा झाल्याचा संदेश आला की लगेच बँकेला कळवून ‘ईएमआय रद्द’ची विनंती नोंदवायची आणि तिचा क्रमांक घ्यायचा. प्रोसेसिंग फी आणि तोवर लागलेलं व्याज बहुधा परत येत नाही. रिफंडही ५७,२९६ चाच येतो, ६०,००० चा नाही. यावरून भांडण करू नये, तो बरोबर आहे.

मुदतीआधी कर्ज फेडावं का? वरच्याच फोनवर पाहू. पहिल्या हप्त्यानंतर बाकी ४८,०६०. बंद करण्याचा आकार ३ टक्के धरला तर जीएसटीसह १,७०१. वाचलेलं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,२८९. सुरुवातीची सूट तर खिशात पडलेलीच, म्हणजे ५९० च्या आसपास फायदा. तिसऱ्या हप्त्यानंतर बंद केलं तर उलट सुमारे ११० पदरचे जातात. लवकर फेडायचं तर अगदी लवकर, नाहीतर चालू द्यावं. काही विक्रेते मुदतीआधी बंद केल्यास सूट परत घेण्याची अट घालतात, ती आधी वाचावी.

दुकानातल्या कर्जाचा हप्ता खात्यातून ‘नॅच’ने, म्हणजे आपोआप कापून, जातो, बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. खात्यात शंभर रुपये कमी पडले तरी संपूर्ण हप्ता परत जातो, आणि दंड दोन्हीकडून बसतो: आपली बँक वेगळा घेते, कर्ज देणारी कंपनी वेगळा. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, अशी जोडी असेल तर कर्ज घेतानाच तारीख बदलून मागावी. नंतर बदलत नाहीत. हप्त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पैसे खात्यात हवेत. कर्ज संपल्यावर नेट बँकिंगमध्ये जाऊन तो मँडेट, म्हणजे पैसे कापून घ्यायला दिलेली परवानगी, रद्द करायचा. त्यावरची कमाल रक्कम हप्त्यापेक्षा मोठी असू शकते आणि मुदत कर्जाहून लांब. नो-ड्यूज दाखला घेऊन ठेवावा.

प्रत्येक छोटं कर्ज क्रेडिट अहवालात वेगळं खातं म्हणून उमटतं. मिक्सर, फोन, टीव्ही अशी सहा-सात खाती उघडून बंद झालेली असली तरी क्रेडिट स्कोअर घसरेलच असं नाही, पण घरकर्ज तपासणारा अधिकारी ती वाचतो. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवला तर वर्षभर नजर राहते, आणि पैसे देऊन सदस्यत्व घ्यायची गरज पडत नाही.

चार हप्ते एका पगारात

आता शेवटाकडे ठेवलेला प्रश्न. लोकांचं राहणीमान कर्जावर चालतं का? नो-कॉस्टच्या बाबतीत उत्तर दरात नाही, बेरजेत आहे.

फोन ५,०००, टीव्ही ३,५००, एसी ४,०००, दुचाकी ३,८००. प्रत्येक हप्ता वेगळा पाहिला तर परवडतो, कारण प्रत्येक दुकानात तो एकटाच समोर येतो. बेरीज १६,३००. हातात येणारा पगार ४५,००० असेल तर ३६ टक्के. यात भाडं नाही, शाळेची फी नाही. कर्ज देणारे उत्पन्नाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ते चालवून घेतात, त्यामुळे या घराला पाचवं कर्जही मंजूर होईल. मंजुरी म्हणजे परवडतं असा दाखला नव्हे. वसूल होईल एवढाच तो अंदाज.

मग एखाद्या महिन्यात दवाखान्याचा खर्च येतो. हप्ते तर थांबवता येत नाहीत, म्हणून किराणा, पेट्रोल, वीजबिल कार्डावर जातं, आणि ५०,००० च्या बिलावर फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान रक्कम, भरला जातो. महिना साडेतीन टक्क्यांनी १,७५० व्याज, ३१५ जीएसटी. पाच टक्के म्हणून २,५०० भरले, त्यातले २,०६५ व्याजा-करात गेले, बाकी फिटली ४३५. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत संपते. आज घेतलेल्या दुधा-भाजीवरही त्याच दिवसापासून व्याज. म्हणजे टीव्ही बिनव्याजी आला आणि तांदूळ-डाळ वर्षाला ४२ टक्क्यांनी. बिनव्याजी हप्त्याचा खरा खर्च इथे बसतो, आणि तो टीव्हीच्या बिलात कधीच दिसत नाही.

हे आपल्या घरात चाललंय का, ते पाहायला मागची तीन कार्डबिलं पुरतात. ‘टोटल ड्यू’ तिन्ही वेळा पूर्ण भरला का? किराणा आणि पेट्रोल कार्डावर आहे ते सोयीसाठी, की महिन्याच्या वीस तारखेनंतर खात्यात उरत नाही म्हणून? आणि जुना हप्ता संपायच्या आत त्याच जागी नवा लागला का? तिसऱ्या प्रश्नाला सलग दोन वर्षं ‘हो’ येत असेल, तर ती रक्कम पगारातून कायमची गेली असं धरून चालावं. कंपन्यांचे ‘तुमचा हप्ता संपतोय, नवी ऑफर तयार’ हे संदेश नेमके शेवटच्या हप्त्याच्या सुमारास येतात.

सहलीला किंवा लग्नाला नो-कॉस्ट मुळीच घेऊ नये, असं आमचं मत. फोन निदान तीन वर्षं चालतो. गोव्याचे चार दिवस संपतात आणि हप्ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मागे येतात.

मिनिमम ड्यूच्या फेऱ्यात अडकलेल्यांनी नवा बिनव्याजी हप्ता शोधण्याआधी ती बाकी स्वस्त कर्जाने फेडावी. मुदतठेव असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथला दर विचारावा. हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे चुकत नाही. सोनेतारण हा तिसरा मार्ग, पण मुदत संपल्यावर फक्त व्याज भरून नूतनीकरण करत राहिलात तर तेही कधी संपत नाही. बँकेलाच ती बाकी ईएमआयमध्ये बदलून मागता येते. दर पर्सनल लोनसारखा पडतो, तरी ४२ पेक्षा बराच कमी. कार्ड तोवर फोनमधल्या सगळ्या ॲपमधून काढून टाकावं, नाहीतर हप्ताही चालतो आणि बाकीही पुन्हा साचते.

तक्रारीचा रस्ता: आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी, क्रमांकासह. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ या तक्रारींच्या पोर्टलवरून मोफत दाद मागता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोबत जोडायचं ते एवढंच: चेकआउटच्या पानाचा स्क्रीनशॉट किंवा की फॅक्ट स्टेटमेंट, दुकानाचं बिल, आणि ज्या बिलात जास्तीची ओळ आली ते कार्डबिल किंवा खातेउतारा.